मामांचा वजनदार लॅपटॉप

आमच्या मामांची तऱ्हाच न्यारी. आजऱ्याचा काजू विकत एस्टीनं गावोगाव फिरायचे. प्रवासात मेल बघायला स्वस्तातला लॅपटॉप हवा म्हणून मला कोल्हापुरात दुकानात घेऊन गेले.

दुकानदार म्हणाला, "हा सव्वा किलोचा. हा चार किलोचा, पण निम्म्या किमतीत."

मामा भडकले. "कमी मालाला जादा पैसं? येड्यात काढताय व्हय, पावणं? चार किलोचाच बांधा!"

आठवड्यानं भेटले ते लंगडतच. "मांडीला रग लागली, म्हणून शेजारच्या सीटवर ठेवला, तर कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं!"

मी म्हटलं, "तवाच सांगत हुतो, हलका घ्या."

मांडी चोळत मामा ऐटीत गरजले, "गप! सव्वा किलोच्याला कंडक्टरनं इचारलं तरी असतं का?"