असशील तिथून घरी ये

पांढरी व्हॅन! अहो, रस्ताच नाही आमच्या बेटावर! बैलगाडी रुतते तिथं व्हॅन आली कुठून, पोहत?... पण नाही, मोबाईलवर आलं ना! माझी मुलगी यास्ना डोळे विस्फारून, "बाबा, पोरं पळवणारी व्हॅन फिरतीये, व्हिडिओ आहे!" अगं, व्हिडिओत मागं नारळाची झाडं दिसतायत, आपल्या चिलोएच्या थंडीत नारळ कधी बघितलास? तर म्हणे, "तुम्हाला नाही कळायचं." झालं! बेटावरची सगळी पोरं कोंडली, आणि माझी नात माइते ऐन सफरचंदांच्या दिवसांत खिडकीला नाक लावून बसलेली... मला सांगा, बघवतं का हे?

आम्ही? खिशात बटाट्याची भाकरी कोंबायची की जे उंडारायचं... शिंपले उकरा, शेजारच्या मानसियांची सफरचंदं चोरा, कोण विचारतंय! फारच झालं तर आई बोटवाल्याबरोबर खाडीपलीकडच्या रेडिओ केंद्रावर निरोप धाडायची आणि रेडिओवर ओतिलियाबाई वाचायच्या, "रेमिहिओ बार्रिया, असशील तिथून घरी ये." की प्रत्येक खिडकीतनं एकेक मुंडी बाहेर, "ए रेमिहिओ, पळ!" लपणार कुठं? रेडिओनं सांगितलं म्हणजे सांगितलं! ती बाई 'पाऊस पडतोय' हेसुद्धा खिडकीबाहेर हात काढल्याशिवाय वाचायची नाही.

तेव्हा उठलो, निघालो बोटीनं! मागनं बायको, क्लोरिंदा, "आधी लाकडं फोडा!" म्हटलं, आलोच... ओतिलियाबाई अजून तिथंच, केस तेवढे पिकले. म्हटलं, बाई, व्हॅन नाही म्हणून सांगून टाका. तर माझ्यावरच डाफरल्या, "तू म्हणतोस म्हणून वाचू? उद्या यास्ना म्हणेल आहे, तेही वाचू?" आणि माईक ओढून, "ज्यांनी व्हॅन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्यांनी दुपारपर्यंत फोन करावा. ऐकीव नको."

तुम्हाला सांगतो, फोनवर फोन! "माझ्या जावेनं पाहिली." लावला जावेला, तर "छे, मला धाकटीनं सांगितलं." धाकटी म्हणते, "अय्या, मला तर यास्नानं पाठवलं!" दुपारी बाईंनी वाचलं, "व्हॅन कुणीही पाहिलेली नाही. पोरं सोडा." आणि सोडली हो! रेडिओनं सांगितलं म्हणजे सांगितलं! मी बोटीतनं उतरतोय तर चिखलात पोरंच पोरं, बेट नुसतं दणाणतंय, आणि यास्ना खाली मान घालून माइतेचे बूट शोधतीये... जिंकलो हो मी, जिंकलो!

मग काय, घर कशाला नि लाकडं कशाला! माइतेला घेतलं आणि थेट मानसियांच्या झाडावर. आजोबा वर, नात त्याच्या वर, खिसे टम्म... आणि तेवढ्यात खाली त्यांच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओतनं तोच आवाज, "रेमिहिओ बार्रिया, असशील तिथून घरी ये. क्लोरिंदा दारात उभी आहे. हातात झाडू आहे."

खिडक्या उघडल्या, मुंड्या बाहेर, "ओ रेमिहिओकाका, पळा!" माइते हळूच म्हणते, "आजोबा, झाडूचं खोटं असेल हो..."

उतर गं बाई, उतर... विचारून खात्री केल्याशिवाय वाचते होय ती!