तासाचे पंचेचाळीस, फक्त माहितीसाठी

अकरा वाजून सतरा मिनिटं! मंगळवार! आणि तुम्हाले सांगते, तोवर माझ्या हातून कोणाचंच काही वाईट झालं नव्हतं, मी आपली चिरागले खिचडी भरवून राहिली होती, चौदा महिन्यांचं पोट्टं, तोंड इकडे केलं की घास तिकडे, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. माझा नाही, आमच्या यांचा. यांचे दोन फोन, एक घरचा, एक धंद्याचा, आणि त्या दिवशी हे भिलाईले गेले तर धंद्याचाच घरी विसरून गेले. आता मले सांगा, ही चूक कोणाची? माझी का? पण ते राहू द्या, ते सांगून काही फायदा नाही, कारण पुढचं सगळं माझंच आहे.

तर आमचा धंदा म्हणजे रायपुरातच, गुढियारी मोहल्ल्यात, घराच्याच समोरच्या खोलीत. बाहेर बोर्ड, आत चार कॉम्प्युटर, विशाल म्हणजे आमचे हे, दोन पोरं, आणि मंजिरी. मंजिरी मागच्या गल्लीतली, पक्की शिकलेली, कॉम्प्युटरची भाषा का काय ते लिहिते. तिची पोट्टी इरावती तीन वर्षांची, त्याच्यामुळे ती घरूनच तासानं काम करते. तासानं! आमच्या धंद्यात सगळं तासानं चालते जी. दळण किलोनं, कापड मीटरनं आणि डोकं तासानं.

मी फोन उचलला. तिकडून एकदम गोड आवाज, "नमस्ते दीदी, मैं निवेदिता बोल रही हूँ, नवा रायपुर से, ऑफिस से." सरकारी ऑफिस! माझ्या हातातली खिचडी तिथंच थांबली. मी म्हटलं, ते घरी नाहीत, भिलाईले गेले, नंबर लागत नाही. तर बाई म्हणते, "अरे दीदी, आप ही बता दो ना. हमें कंप्यूटर वाले लोग घंटे के हिसाब से लेने हैं अगले साल. अभी ख़रीद नहीं रहे. ख़रीदने के पहले सबसे पूछ रहे हैं कि आपके पास क्या है, कितने लोग हैं, घंटे का क्या लेते हो. टेंडर नहीं है, लेना-देना कुछ नहीं. सिर्फ़ जानकारी के लिए."

सिर्फ जानकारी! फक्त माहितीसाठी! घेणं नाही, देणं नाही! म्हणजे कसं, पोरगी पाहायले येणाऱ्याच्याही आधी कोणीतरी मामा येऊन बसतो न, "असाच आलो होतो इकडून जाता जाता," आणि पोह्यांच्या दोन प्लेटा खाऊन सगळी चौकशी करून जातो, तसं. मी म्हटलं विचारा.

आणि आता ऐका, बाप्पा, इथं माझा घात झाला. आमच्या सासूबाई, विमलाबाई, त्यांनी मले लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. साडी नेसणं नाही, भाजी नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, "सूनबाई, घरची कमाई कोणाले पूर्ण सांगायची नाही. नजर लागते. आठ असले तर सहा सांगायचे. पोट्टं दोन वाट्या दूध पेत असंन तर म्हणायचं, काय पेते वो, एक वाटीही संपत नाही." आणि मी, तुम्हाले सांगते, चिराग झाल्यापासून हे एवढं पाळते की दवाखान्यात डॉक्टरनं वजन विचारलं तरी मी अर्धा किलो कमीच सांगते. तो मग टॉनिक लिहून देतो, मी आणत नाही, हिशेब बरोबर.

तर निवेदिता मॅडमनं विचारलं, "कितने लोग हैं आपके यहाँ?" आता चार आहेत. चार म्हणू? माणसं मोजून सांगायची का? मी म्हटलं, "दोन असतीन." "काम कितने साल से?" अकरा वर्षं झाली. मी म्हटलं, "असंच, चार-पाच." "कैसा काम आता है?" म्हटलं, "काही खास नाही जी, येते थोडंफार, लोक सांभाळून घेतात." मॅडम तिकडून टकटक टकटक लिहून राहिली. "बहुत अच्छा दीदी. और घंटे का?"

तासाचा भाव मले काय माहीत! यांनी मले कधी सांगतला नाही, मी कधी विचारला नाही. पण सातवी पास आहे मी, गणितात सदुसष्ट होते, भागाकार येते. यांनी महिन्याले घरात दिले अठरा हजार. हे बसतात किती? सकाळी आठले बसतात, रात्री दहाले उठतात, चौदा तास. मी मोजते न, माझ्या डोळ्यासमोर बसतात. महिन्याचे सव्वीस दिवस. तीनशे चौसष्ट तास. खिचडीच्या ताटावर बोटानं भागलं, आले एकोणपन्नास. एकोणपन्नास खरे. आणि नजरेचे चार काढले.

मी म्हटलं, "पंचेचाळीस."

तिकडे टकटक थांबली. मग मॅडम म्हणते, "पैंतालीस? घंटे के?" मी म्हटलं, हव. ती म्हणते, "दीदी, आप बहुत सच्चे लोग हो. मुझे तीन जगह की जानकारी चाहिए थी, दो की आ गई थी, तीसरी के बिना फाइल ही नहीं बढ़ रही थी. आपने बचा लिया." मी फुगून गेली! सरकारले मी वाचवलं! गुढियारीच्या स्वयंपाकघरातून!

आणि मग यांना सांगितलं काहून नाही? तर तेवढ्यात चिरागनं फोन ताटात घातला. धंद्याचा फोन. खिचडीत. डाळ त्याच्या जाळीत गेली, मी पदरानं पुसला, टाचणीनं कोरला, उन्हात ठेवला, आणि संध्याकाळी जागच्या जागी नेऊन ठेवला. आता फोन आला होता हे सांगायचं तर फोनचं काय झालं हेही सांगावं लागलं असतं. म्हटलं जाऊ दे, घेणं नाही देणं नाही. फक्त माहितीसाठी.

दीड महिना गेला. आणि एक दिवस खरंखुरं टेंडर निघालं. हे खुश! कोणाले बोलून दाखवलं नाही, पण मंजिरीले म्हणाले, "हे मिळालं न, तर तुले नवा रायपुरात खुर्ची, पंखा, आठ ते चार, आणि तासाचा असा भाव की घरून करायची गरज नाही." आणि मंजिरीनं, माय वो, तिनं या भरवशावर दुसरीकडचं काम सोडून दिलं. इरावतीले शाळेत टाकलं. मले सांगायले आली तर सोबत चीले, म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडे, घेऊन आली, गरम, टमाट्याच्या चटणीसोबत. "ताई, चाखून पाहा." मी चार खाल्ले. चार! तेव्हा मले काही माहीत नव्हतं म्हणून खाल्ले जी, आता तो घास आठवला की अजून खाली उतरत नाही.

टेंडरच्या आधी सगळ्यांची बैठक असते, ऑफिसमध्ये बोलावून शंका विचारू देतात. हे गेले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दुपारी आले तेव्हा शर्टाची दोन बटनं उघडी, तोंड लाल.

"तासाचे चारशे पंच्याऐंशी!" दारातूनच ओरडले. "चारशे पंच्याऐंशीच्या वर कोणी भरायचंच नाही म्हणते! काहून? तर म्हणे, आम्ही आधी बाजारातून माहिती गोळा केली, तिघांनी दिली, त्याची सरासरी काढली. आपल्याच धंद्यातला तो बाबाराव उभा राहिला, टेबलावर हात आपटला, म्हणे मी सातशे वीस लिहून दिले होते! धर्मपाल उठला, म्हणे मी सहाशे नव्वद! मग तिसरा कोण? मॅडम म्हणते, नाव सांगता येत नाही, गोपनीय आहे. आपण तर भरलंच नव्हतं, मी भिलाईत होतो! कोण असंन वो तो गधा? कोण्या बैलानं दिला असंन तो भाव?"

मी पोळी लाटून राहिली होती. सरासरी! सातवीच्या पुस्तकातलं तेविसावं पान! चारशे पंच्याऐंशी गुणिले तीन, चौदाशे पंचावन्न. त्यातून सातशे वीस गेले, सहाशे नव्वद गेले… राहिले पंचेचाळीस. अजी, पोळी चंद्रासारखी गोल लाटायची सवय आहे मले, त्या दिवशी तिचा छत्तीसगढचा नकाशा झाला.

"बोल न, कोण असंन?" हे म्हणतात.

मी म्हटलं, "हव न. बैलच असंन."

"अक्कल नाही लेकाच्याले!"

"कुठून असंन," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात दोन चमचे तूप जास्त टाकलं. तीन दिवस मी तूप जास्त टाकून राहिली होती. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, दिवाळी आहे का?"

आणि तिकडून मंजिरी. ओट्याजवळ येऊन उभी राहिली, रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं. म्हणे, "ताई, विशालभाऊ म्हणतात या भावात टॅक्स, बसभाडं, लाइटबिल, सगळं जाऊन मले घेता येत नाही. जुन्या कामावर दुसरी पोट्टी लागली. शाळेतून नाव काढता येते का वो, महिन्याभरात?" मी तिच्या हातात साखरेचा डबा दिला. काहून दिला, मले माहीत नाही. तीही घेऊन गेली.

आता तुम्हीच सांगा, झोप लागंन का? फक्त माहितीसाठी म्हणत म्हणत मी एका लेकराची शाळा खाल्ली होती, चटणी लावून! चौथ्या दिवशी हे बँकेत गेले, तर मी तोच फोन उचलला आणि मॅडमले लावला. "मॅडम, पंचेचाळीसवाली बोलते." म्हणते, "अरे दीदी! आप!" मी म्हटलं ते पंचेचाळीस चुकीचे आहेत, ते मागं घ्या. "कैसे घटाऊँ दीदी, फाइल में चढ़ गया है. और वो तो सिर्फ़ जानकारी थी." मी म्हटलं, बाई, तुमच्या जानकारीनं इथं घर बुडून राहिलं! मग तिनं वाट सांगितली. म्हणे, "शुक्रवार पाँच बजे तक लिखकर दे दो, फ़र्म की मुहर लगाकर. लिखा हुआ आएगा तो साहब को देखना ही पड़ेगा."

मग मी लिहिलं. चिरागच्या लसीच्या वहीचं मागचं पान फाडून लिहिलं. महोदय, तीन नंबरची माहिती मी दिली, मी मालक नाही, मालकाची बायको आहे. मी घरखर्चाले तासानं भागलं. त्यात लाइटबिल धरलं नाही, कॉम्प्युटरचे हप्ते धरले नाहीत, मंजिरीचा पगार धरला नाही, कारण ते पैसे घरात यायच्या आधीच जातात, मले दिसत नाहीत. शिवाय नजरेचे चार कमी केले. माणसं चार आहेत, दोन नाहीत. वर्षं अकरा. काम चांगलं येते, खूप चांगलं येते, मी खोटं बोलली. क्षमा असावी.

शिक्का यांच्या ड्रॉवरमध्ये. शाई लावली, शिक्का उचलला, आणि मागून आवाज, "काय वो करून राहिली?"

तुम्हाले सांगते, हातातून शिक्का सुटला तो पायाशी बसलेल्या चिरागच्या कपाळावर. पोट्ट्याच्या कपाळावर फर्मचं नाव, जीएसटी नंबरासकट! यांनी कागद घेतला. वाचला. मी भिंतीले टेकून उभी. म्हटलं आता बैल, आता गधा, आता माहेर. पण यांनी तो कागद डोळ्याजवळ धरला. पुन्हा वाचला. खुर्चीवर बसले. आणि हळूच म्हणतात, "चौदा तास तू मोजले?"

"मोजले."

"आणि एकोणपन्नास? खरंच एकोणपन्नास पडतात का वो?"

मी म्हटलं, "पंचेचाळीस नजर काढून."

यांनी बोटानं भागाकार करून पाहिला. बाबाराव, धर्मपाल, सरकार, कोणाचंच नाव काढलं नाही. मग कागद टेबलावर ठेवला, चिरागच्या कपाळाकडे पाहिलं, म्हणाले, "इथं नाही, कागदावर मार." आणि मंजिरीले त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. ती आली, मले वाटलं आता साखरेचा डबा तोंडावर फेकते. तर म्हणे, "ताई, माझ्या सासूबाईही आठाचे सहाच सांगतात." तिनं माफ केलं जी. पण माफ केलं की जास्त टोचते, हे तुम्हाले माहीत असंन.

बरं, कागद गेला, आणि साहेबानं पाहिला, आणि सरकारनं काय करावं? भाव वाढवला? नाही! टेंडर मागं घेतलं, आणि म्हणे माहिती पुन्हा नव्यानं गोळा करू, तिघांचीही! मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. हे आंघोळीले. "दीदी, आप ही बता दो, आपका हिसाब पक्का रहता है." पण आता मले यांनी सगळं पाठ करून ठेवलं होतं. मी डोळे मिटले आणि सांगितलं, माणसं चार, वर्षं अकरा, तासाचे सहाशे चाळीस. पूर्ण! एक रुपयाही कमी केला नाही! आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाले पूर्ण सांगितलं.

आणि त्याच संध्याकाळी चिराग चार वेळा शिंकला.

चार! ओळीनं! सासूबाई माझ्याकडे पाहून राहिल्या, मी त्यांच्याकडे. मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेतल्या, पोट्ट्यावरून उतरवल्या, यांच्यावरून उतरवल्या, मंजिरीवरून उतरवल्या, मग चारही कॉम्प्युटरवरून. धुरानं सगळे खोकून राहिले. भाव कमी सांगितला तर शाळा जाते, पूर्ण सांगितला तर पोट्टं शिंकते. सरकारचा नवा भाव काय ठरला, ते अजून कळलं नाही. मंजिरी रोज विचारते, मी रोज तूप वाढते.

तर एवढं करा, तुमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, माहेरी, नागपूरकडे, जिथं जिथं घरातच धंदा आहे तिथं सांगून द्या की असा गोड आवाजाचा फोन आला तर बायांनो, पोट्ट्याच्या तोंडात घास घाला आणि फोन वाजू द्या. आणि आणखी एक… सरकारची नजर कशानं उतरवतात, हे कोणाले माहीत असंन तर मले नक्की कळवा. घेणं नाही, देणं नाही जी. फक्त माहितीसाठी.