मानलेला भाऊ

—भाऊ? कोण म्हणतं भाऊ? ती पेन्सिल खाली ठेवा बघू आधी, कॉम्रेडबाई, नि अशा वर सरकून बसा, ओट्याखाली चूल पेटवलीय, ऊन आहे. लियांग बाओ म्हणे आमच्या मालकांचा मानलेला भाऊ— आणि तुम्ही ते जमीनवाटपाच्या कागदावर उतरवलंतसुद्धा! अहो, मालक जपान्यांच्या गोळीनं गेले त्याला पाच वर्षं झाली. त्यांच्यामागं तो याच अंगणात राहिला नि मी एकटी बाईमाणूस— त्याला भाऊ म्हटलं की गावातल्या बाया पुढं काय म्हणतात, ठाऊकाय? विहिरीवर जाऊन ऐका एकदा. माझा लेक चेनहू तिकडं तुमच्याच फौजेत लढतोय, त्याच्या कानावर असलं काही गेलेलं मला चालायचं नाही.

तेव्हा नीट ऐका. सालगडी होता तो आमचा. हां, सालगडी! वर्षाला राळे मिळायचे नि दोन कापडी जोडे, तेही मीच शिवायचे. घरात पाऊल नव्हतं त्याचं— उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून वाडगा संपवायचा, निजायला खेचराचा गोठा. नव्या वर्षाला करंज्या उकडल्या तरी त्याच्या त्याला बाहेरच. मग? कसला भाऊ? आणि गडी ठेवू नको तर काय करू— हे पाय बघा, पाचव्या वर्षी आईनं बांधले, या पायांनी नांगर धरू? हां, लिहा, लिहा, ठळक लिहा. विधवेला नावाशिवाय दुसरं असतं काय!

काय म्हणालात? गडी ठेवला म्हणजे श्रीमंत शेतकरी? छे हो, काहीतरीच! श्रीमंत ते कुळांकडून खंड खाणारे, ते वेगळे. आमचं काय— उतारावरचे दोन तुकडे नि एक म्हातारं खेचर. तेही जाणार? उद्या देवळापुढं, सभेत, माझं नाव वाचणार? आणि चेनहू— त्याला फौजेतून काढतील? अगं पोरी, थांब, खोड ते. खोड म्हणते ना! भाऊच लिही. सख्ख्याहून सख्खा म्हणून लिही, बाया बोलल्या तर बोलू देत.

का नाही येत खोडता? दोन जबान्या जुळत नाहीत म्हणजे काय? मी एकदाच बोलले. पहिली कुणाची मग?

...लियांग बाओची? तो स्वतः म्हणाला भाऊ?

तुमच्या गरिबांच्या संघाचा तो पुढारी झाला ना, त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही. परवा आला होता, काहीतरी सांगायचंय म्हणत होता— मी तोंडावर दार लावलं. हेच सांगायला आला असणार मेला. आणि आता तुम्ही त्याला खोटारडा म्हणणार. माझ्याशेजारी उभा करणार, ज्यांनी त्याला निवडून दिलं त्यांच्यासमोर. करणारच ना? कागद दप्तरात घालतेयस, म्हणजे करणारच.

बरं. तो कागद घे नि जा. फक्त त्याला आज काही बोलू नकोस, उद्या कळेलच. जा म्हटलं ना!