टेकडीची गरज शून्य

नाही नाही काकू, ‘पाणी येत नाही’ असं म्हणू नका — नगरपालिकेच्या नकाशात तुमच्या टेकडीवर पाणी यायचंच नाहीये. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय. हे बघा, पूर्वी इंजिनिअर कागदावर ठरवायचा, कुठे किती जाडीचा पाइप टाकायचा. आता मी कॉम्प्युटरला सांगतो. तो काय करतो? डोळे मिटून अख्ख्या शहराचे दोनशे आराखडे काढतो. ज्यात पाणी पोचत नाही, ते मेले. जे महाग, तेही मेले. उरलेल्यांची लग्नं लावायची — हो हो, लग्नं! अर्धे पाइप याचे, अर्धे तिचे, की झाली पोरं. एखादं पोर भलतंच निघतं, तेही ठेवायचं, कधीकधी तेच गुणाचं ठरतं. अशा पाच हजार पिढ्या! आमच्या घराण्यात चार पिढ्यांत एक धड निघाला नाही, इथे दुपारच्या चहापर्यंत पाच हजार. हसा, हसा.

पण घोडं अडलं तुमच्या टेकडीवर. पाणी वर चढवायचं तर पाइप जाड, जाड म्हणजे महाग, महाग म्हणजे मेला. तीन दिवस मी नुसती मढी मोजतोय, आणि साहेब दर तासाला दारात — ‘शुक्रवारी दाखवायचंय, झालं का?’ मग मी काय केलं? काही नाही हो, एक आकडा. टेकडीला पाणी किती लागतं, त्या चौकटीत शून्य टाकलं. तात्पुरतं! आणि काय सांगू तुम्हाला, असा देखणा आराखडा जन्मला! साहेबांना बक्षीस मिळालं — तो भिंतीवरचा फोटो, कडेला अर्धा मी आहे.

माणसं राहतात, माहीत आहे मला. माझी सख्खी ताई राहते तिथे, पायऱ्या संपतात तिथलं निळं दार. ओळखता? — पडली? कधी? कळशी घेऊन? उजवा हात मोडला? — नाही, ती मला कुठली सांगायला. पाइप पुरले तेव्हापासून बोलत नाही ती. मी म्हटलं होतं तिला, कॉम्प्युटरने ठरवलंय, माझ्या हातात काय आहे?

आकडा बदलता येतो का? येतो की, मिनिटाचं काम. पण रस्ते पुन्हा खणावे लागतील, आणि खणताना विचारतील ना, शून्य कुणी टाकलं म्हणून! — तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे. द्या तो अर्ज इकडे, शिक्का मारतो, पोच देतो, झालं.

हे — हे अक्षर कुणाचं? तुम्ही लिहिलंत? — मग कुणी? —

हात मोडलाय ना तिचा? डाव्या हाताने लिहिलंय हे...

जा काकू. नको, पोच नको, मिनिटाचं तर काम आहे. जा तुम्ही. दार ओढून घ्या.