ताईच्या कागदांतली माझी झोप

हसू नका, पण ताईच्या पुस्तकाच्या कच्च्या कागदांवर माझ्या झोपेची नोंद आहे.

ताई नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. रशियाच्या धाकात पोलंडच्या शाळांत काय शिकवलं जायचं, या अभ्यासात तिनं आयुष्य घातलं. हदगावला घरी आली की लिहिलेली पानं दुपारी मला वाचून दाखवायची.

"सातवी नापासाला काय कळतंय, ताई?"

"लेका, तू जागा राहिलास तर समदे राहतील."

मी पेंगलो की ती समासात लिहायची, ‘बाळ्या झोपला’, आणि ते पान नव्यानं लिहायला घ्यायची.

गेल्या महिन्यात ताई गेली. शेवटचं प्रकरण मला ऐकवायचं राहिलं. मी अक्षर अक्षर लावत चार दिवसांत वाचलं. खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘ताई, झोपलो न्हाई.’