आत बोललेलं बाहेर

वहिनी : माफी नकोय भाऊजी. ती तुमची मागून झाली. जे सभागृहात बोललात, तेच बाहेर येऊन बोला. एवढंच मागायला आलेय.

खासदार : वहिनी, काहीतरीच काय! पूल पडला त्यात दादाची काही चूक नव्हती, हे चौकशीत सिद्ध झालंय. आता मी पुन्हा तेच खोटं बोलू?

वहिनी : हो. पत्रकारांसमोर. 'माझ्या इंजिनीअर भावाने कंत्राटदाराशी संगनमत करून कच्चा पूल पास केला.' शब्द तुमचेच आहेत. मला पाठ झालेत.

खासदार : ते मी कामकाजातून काढायला लावले ना! अध्यक्षांच्या हातापाया पडून.

वहिनी : कागदावरून निघाले. लोकांच्या तोंडून कोण काढणार? परवा हे दाढी करायला गेले. खुर्ची रिकामी होती, तरी दुकानदार म्हणाला, आज जमणार नाही. त्याचा मेहुणा गेला त्या पुलावर.

खासदार : मी जाहीर सांगतो, दादा निर्दोष आहे म्हणून.

वहिनी : खुशाल सांगा. लोक म्हणतील, भावाने भावाला सावरून घेतलं. चौकशीबद्दलही तेच म्हणतात. ह्यांना कोर्टाचा निकाल हवाय, तुमच्याविरुद्ध. आणि वकील म्हणतात, सभागृहात बोललेल्या शब्दावरून खासदाराला कोर्टात खेचता येत नाही. राज्यघटनेनेच तुम्हाला ते संरक्षण दिलंय. पण दाराच्या आतपुरतं.

खासदार : सरकारला न घाबरता खरं बोलता यावं, म्हणून दिलंय ते.

वहिनी : आणि तुम्ही ते कोणावर वापरलंत?

खासदार : विरोधक ओरडत होते, इंजिनीअर घरचा म्हणून गप्प बसलात. वाटलं, आपणच नाव घेतलं की तोंडं बंद होतील. खरं-खोटं काय ते पुढे चौकशीत कळेलच.

वहिनी : झाली की बंद. बाकं वाजली. 'सख्ख्या भावालाही सोडलं नाही!' आम्ही टीव्हीसमोर होतो. धाकट्याचं भाषण म्हणून ह्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं होतं. आवाज मोठा केला होता. मला उठून बंदसुद्धा करता आला नाही हो.

खासदार : बदनामीच्या खटल्यात दोषी ठरलो तर खासदारकी जाईल, वहिनी.

वहिनी : जाईल.

खासदार : दादाला माहीत आहे, तुम्ही आलात ते?

वहिनी : ते खाली पायऱ्यांवर बसलेत. आत पाय ठेवणार नाही म्हणाले.

खासदार : एवढ्या उन्हात? चला.

(दोघं संसद भवनाचा जिना उतरून बाहेर येतात. पायरीवर रुमाल अंथरून दादा बसला आहे.)

दादा : केवढा वाळलास रे. वेळेवर जेवतोस ना?

खासदार : दादा, घरी जाऊ या आधी.

दादा : घरी मग. हिने सांगितलं ना तुला? ते बघ, तिकडे चहा घेत उभे आहेत पत्रकार. बोलाव.

खासदार : आधी तुझ्यासमोर म्हणून बघतो.

दादा : म्हण.

खासदार : माझ्या भावाने... माझ्या इंजिनीअर भावाने...

वहिनी : पुढे?

खासदार : माझ्या भावाने त्या पुलावर लेखी हरकत घेतली होती. वरच्यांनी ती दाबली. त्याचं कोणी ऐकलंच नाही.

दादा : हे नको. हे भाऊ म्हणून बोलतोयस, त्याचा मला उपयोग नाही. ते बोल.

खासदार : नाही रे दादा. जीभच वळत नाही. धडधडीत खोटं आहे ते.

दादा : खोटंच आहे. तेव्हाही तुला ठाऊक होतं. लहानपणापासून ओळखतोस मला.

खासदार : हो.

दादा : मग आत कसं निघालं रे तोंडातून?