दादाचे हौद आणि फोडणीचं तेल

हसा लेको, पण दादाचे शेवाळाचे हौद फोडणीनं वाचले. थोरला भाऊ, दादा, वारून महिनाच झाला होता. त्याच्या शेवाळातून कोलेस्टेरॉल अडवणारा अर्क काढून नांदेडचे एक शेठ औषधी ताक विकणार होते. ते अर्काची बाटली घेऊनच घरी आले.

"तीनदा घुसळलं, अर्क ताकावर तरंगतो. सौदा रद्द."

बाबा म्हणाले, "मग उद्या हौद बुजवतो."

माझं डोकं फिरलं. शेठच्या हातची बाटली हिसकली आणि आई चटणीसाठी फोडणीचं तेल तापवत होती, त्यात रिकामी केली.

"येड्या, काय करून राहिला?" आई ओरडली.

अर्क तेलात विरघळला, एक गुठळी राहिली नाही. तेच तेल चटणीवर ओतलं. शेठनी ती चटणी भाकरीसोबत खाल्ली, बोटं चाटली.

"ताक सोडा, चटणीच काढू. तपासणीला मी पाठवतो. पोरा, हे कुठं शिकला?"

"वारंगा फाट्यावर, गॅरेजात, ट्रकखाली. हाताचं ग्रीस नुसत्या पाण्यानं कधी निघतं व्हय? तेलच लागतं."

शेठ खो खो हसले. मी तसाच पळालो, हौदावर वाकून ओरडलो, "दादा, जमलं रे!"